रस्ता कुणासाठी? गडचिरोलीच्या अरण्यातील एक जुना प्रश्न

२०२५ सालच्या पहिल्याच दिवशी गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी या मार्गावर राज्य परिवहन महामंडळाची बस प्रथमच धावली. मार्ग अवघा ३२ किलोमीटरचा. तरीही त्या बसला प्रारंभ करून देण्यासाठी राज्याचे मुख्यमंत्री स्वतः गडचिरोलीत गेले होते. फाटकापाशी उभे राहून एसटीची वाट पाहणे हा आपल्यापैकी बहुतेकांच्या बालपणाचा भाग आहे. बस उशिरा येते म्हणून आपण चिडतो. वांगेतुरीच्या परिसरातील लोकांना मात्र ती बस यायला स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षे वाट पाहावी लागली.

त्याच दिवशी गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर तारक्का या ज्येष्ठ महिला नेत्यासह अकरा माओवाद्यांनी शस्त्रे खाली ठेवली. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी संघटनेच्या सर्वोच्च वर्तुळातील मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती हा साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीतच शरण आला. १९८० साली प्राणहिता ओलांडून पहिली सशस्त्र पथके या जंगलात शिरली होती. त्या इतिहासाचे एक मोठे पर्व येथे मिटताना दिसले. या घटनांचे समाधान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु एक प्रश्न मागे उरतो: एका प्रगत म्हणवणाऱ्या राज्याला आपल्याच एका जिल्ह्यात पोहोचायला पंचेचाळीस वर्षे का लागली?

या प्रश्नाला ठरलेले उत्तर आहे: ‘भाग अतिदुर्गम आहे.’ शासकीय अहवालांतून, वृत्तपत्रांतून, विधिमंडळातील उत्तरांतून हा शब्द इतक्या वेळा आला आहे की, त्याचा अर्थ कुणी तपासून पाहत नाही. या लेखात आम्ही तेवढेच करणार आहोत. दुर्गमता किती खरी आहे आणि तिच्या आड किती काही झाकले गेले आहे, हे पाहणे आज विशेष अगत्याचे आहे.

नद्यांनी वेढलेला मुलूख

गडचिरोली हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्माण झाला. क्षेत्रफळ सुमारे १४,४१२ चौरस किलोमीटर, त्यातील तीनचतुर्थांशाच्या आसपास भाग वनाखाली. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या घरात, म्हणजे दर चौरस किलोमीटरला केवळ ७४ माणसे. जिल्हा दक्षिणोत्तर लांबलचक पसरलेला. मुख्यालयापासून भामरागड सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर, तर सिरोंचा दोनशेहून अधिक किलोमीटरवर. रेल्वेचे स्थानक म्हणावे असे दीर्घकाळ एकच होते, उत्तरेच्या टोकाला असलेले वडसा.

नद्यांची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पश्चिमेला वैनगंगा आणि तिला वर्धा मिळाल्यानंतर झालेली प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी, पूर्वेला छत्तीसगडच्या सीमेवर इंद्रावती अशा मोठ्या जलप्रवाहांनी जिल्हा वेढलेला आहे. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम होतो. नकाशावर हे दृश्य मनोहर दिसते. पावसाळ्यात मात्र पर्लकोटेच्या ठेंगण्या पुलावरून पाणी गेले की, तालुक्याचे गाव जगापासून तुटते. हे वर्षानुवर्षे घडत आले आहे. तालुक्याच्या गावाची ही अवस्था, तर त्यापलीकडच्या पाड्यांची कल्पना वाचकांनीच करावी.

या भूगोलाचा लाभ बंडखोरांना होण्याची ही पहिली वेळ नव्हे. १८५८ साली बाबूराव शेडमाके यांनी याच मुलखात इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. त्यांना पकडून २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. परंतु त्यांचे साथीदार जमीनदार व्यंकटराव यांनी सीमा ओलांडून बस्तर गाठले आणि ते इंग्रजांच्या हाती लागण्यास बराच काळ जावा लागला. पलीकडे दुसऱ्याचे राज्य आणि मध्ये घनदाट अरण्य, ही सोय तेव्हाही होती. सव्वाशे वर्षांनंतर आंध्रातून आलेल्या पीपल्स वॉर ग्रुपच्या पथकांनी तीच वाट वापरली. आंध्रात पोलिसांचा दबाव वाढला की गडचिरोलीत यावे, गडचिरोलीत वाढला की इंद्रावती ओलांडून अबुझमाडमध्ये जावे. एका राज्याच्या पोलिसांचा अधिकार नदीच्या मध्यावर संपत असे. बंडखोरांना अशी सीमा नव्हती.

जंगलातील लढाईचे गणित

प्रतिकूल भूमीमुळे पोलिसांचे काम कसे अडते, हे नीट समजून घेतले पाहिजे. कच्चा रस्ता म्हटला की त्याखाली भूसुरुंग पेरणे सोपे. म्हणून वाहन वापरणे धोक्याचे, म्हणून पायी गस्त. पायी गस्तीचा वेग अल्प, पाठीवर शिधा आणि पाणी, आणि एखादा जवान जखमी झाला तर त्याला खांद्यावरून न्यावे लागणार. पावसाळ्यात नाले भरले की, दूरच्या पोलीस मदत केंद्राला आधीच साठवलेल्या धान्यावर दिवस काढावे लागतात. हिवतापाचा उपद्रव राज्यात सर्वाधिक असणाऱ्या जिल्ह्यांपैकी हा एक, त्यामुळे गोळीइतकीच डासाचीही भीती. ऋतूंचाही हिशेब असतो. पावसाळ्यानंतर झाडी इतकी दाट होते की, काही पावलांपलीकडचे दिसत नाही. उन्हाळ्यात पानगळ झाल्यावर दूरवरचे दिसू लागते, आणि हालचाली सोप्या होणाऱ्या त्याच महिन्यांत माओवादीही आपली आक्रमक मोहीम आखत.

या गणिताची किंमत २००९ साली फार मोठी मोजावी लागली. फेब्रुवारीत धानोरा तालुक्यातील मरकेगाव येथे १५, मे महिन्यात त्याच तालुक्यातील हत्तीगोटा येथे पाच महिला पोलिसांसह १६, आणि ऑक्टोबरमध्ये भामरागड तालुक्यातील लाहेरी येथे १७ पोलीस मारले गेले. एका वर्षातील या तीनच घटनांत ४८ घरे उजाड झाली.

भूगोल दोन्ही बाजूंना कापतो, हेही नमूद केले पाहिजे. एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर-बोरिया परिसरात माओवाद्यांचे पथक इंद्रावतीच्या काठावर घेरले गेले. एरवी ज्या नदीने त्यांना वाचवले होते, तिनेच त्यांची वाट अडवली. अनेक मृतदेह नदीपात्रातून काढावे लागले. दोन दिवसांत मृतांची संख्या ४० वर गेली. या कारवाईबाबत मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी प्रश्नही उपस्थित केले होते.

पोलिसांना यश आले ते केवळ शस्त्रांमुळे नव्हे. १९९० साली जिल्ह्यात ‘सी-६०’ हे पथक उभे राहिले. त्यात स्थानिक तरुण घेतले गेले. त्यांना पायवाटा ठाऊक, पाणवठे ठाऊक, आणि मुख्य म्हणजे गोंडी व माडिया भाषा येत होत्या. जेथे मराठी बोलणाऱ्या अधिकाऱ्यालाही दुभाष्या लागतो, तेथे भाषा हीदेखील एक न ओलांडलेली नदीच असते. परंतु या यशाची एक दुःखद बाजू आहे. दलममध्ये भरती झालेले तरुण आणि त्यांच्याशी लढणारे जवान पुष्कळदा एकाच समाजातील, कधी शेजारच्या गावांतील होते. शिवाय पोलिसांचे खबरे ठरवून माओवाद्यांनी शेकडो ग्रामस्थांना ठार मारले, तेही त्याच समाजातील. बंदूक कुणाच्याही हाती असो, रडणारी माय आदिवासीच होती.

रस्त्यासाठी झालेले युद्ध

मग रस्तेच का बांधले नाहीत? वाचकांच्या मनात हा प्रश्न आला असेल. बांधण्याचे प्रयत्न झाले. सिरोंच्यावरून जाणाऱ्या निजामाबाद-जगदलपूर मार्गासाठी सीमा सडक संघटनेलाही पाचारण करावे लागले होते. देशाच्या सीमेवर रस्ते बांधणारी संस्था देशाच्या अंतर्भागात आणावी लागावी, यातच सारे आले. २००९ पासून केंद्राने नक्षलग्रस्त जिल्ह्यांतील रस्त्यांसाठी स्वतंत्र योजना आखल्या. परंतु रस्ता हेच लढाईचे कारण झाले होते. रस्ता झाला तर पोलीस येतील, म्हणून माओवादी यंत्रे जाळत, ठेकेदारांना धमकावत किंवा त्यांच्याकडून खंडणी घेत. ठेकेदार फिरकेनासे झाले, काम रखडले, खर्च वाढला. दुसरी अडचण कागदावरची होती. १९८० सालीच वन संवर्धन कायदा अमलात आला. जंगलाचे रक्षण करणारा हा कायदा आवश्यकच होता. परंतु तीनचतुर्थांश वन असलेल्या जिल्ह्यात प्रत्येक पुलासाठी, प्रत्येक विजेच्या खांबासाठी परवानगीची दीर्घ वाट पाहावी लागली. पुढे या नियमांत सवलती मिळाल्या, पण तोवर एक पिढी निघून गेली होती.

१ मे २०१९ या महाराष्ट्र दिनाची घटना या संदर्भात आठवते. कुरखेडा तालुक्यातील दादापूर येथे माओवाद्यांनी महामार्गाच्या कामावरील वाहने व यंत्रे जाळली. त्या दिशेने निघालेल्या शीघ्र कृती दलाच्या वाहनाखाली जांभूरखेड्याजवळ स्फोट झाला. त्यात १५ जवान आणि त्यांचा वाहनचालक असे सोळा जण मृत्युमुखी पडले. आधी रस्त्याची यंत्रे जळाली आणि मग त्याच परिसरातील रस्त्यावर माणसे गेली.

रस्ता नसण्याची दुसरी किंमत मात्र हुतात्म्यांच्या यादीत लिहिली जात नाही. गरोदर स्त्रीला खाटेवर बांधून, कावड करून नाल्यापार न्यावे लागल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येत राहिल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये अहेरी तालुक्यात तापाने दगावलेल्या दोन चिमुकल्या भावांचे देह त्यांच्या आईवडिलांनी खांद्यावर घेतले आणि चिखलातून सुमारे पंधरा किलोमीटरची वाट तुडवत ते घरी परतले. ते छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तेथे कुणी गोळी झाडली नव्हती. तरीही दोन मुले गेली.

दुर्गमता कुणाला आडवी आली नाही?

येथवर आम्ही जे लिहिले, त्यावरून भूगोलच सर्वस्वी दोषी आहे असे वाटेल. परंतु या चित्राला दुसरी बाजू आहे. ज्या जंगलात शिक्षक आणि परिचारिका पोहोचू शकल्या नाहीत, त्या जंगलातून आलापल्लीचे सागवान गेले शतकभराहून अधिक काळ बाहेर जात राहिले. बल्लारपूरच्या कागद कारखान्यासाठी याच वनांतील बांबू दशकानुदशके तोडला गेला. तेंदूपत्त्याचे ठेकेदार दर उन्हाळ्यात आतल्या गावांपर्यंत जात. त्यांना नाले आडवे आले नाहीत. तेंदूपत्ता आणि बांबूतोडीची मजुरी अत्यल्प होती. ती वाढवून देण्याचा आग्रह धरूनच माओवाद्यांनी ऐंशीच्या दशकात लोकांचा विश्वास मिळवला, ही गोष्ट जाणकार सातत्याने सांगत आले आहेत. जी मजुरी मिळवून देणे कायद्याचे काम होते, ते काम बंदुकीने केले, आणि मग बंदूक तेथे राहिली.

सुरजागडच्या लोहखनिजाची कथाही याच वळणाची आहे. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी तेथे खनिज वाहतुकीची ७५ हून अधिक वाहने जाळली. पुढे बंदोबस्तात उत्खनन पुन्हा सुरू झाले. त्यानंतर अवजड वाहनांच्या अखंड रांगांनी आलापल्ली-आष्टी मार्गाची दुर्दशा झाली आणि लोकांना त्यासाठी आंदोलने करावी लागली. खाणीतून रोजगार मिळतो, हे खरे आहे व ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या रस्त्यावरून खनिज आधी धावते आणि रुग्णवाहिका मागाहून, त्या रस्त्याकडे गावकरी संशयाने पाहतात, याचे नवल वाटू नये.

शेजारचा चंद्रपूर जिल्हा या दृष्टीने बोलका आहे. कोळसा, वीज, सिमेंट, कागद, सारे तेथे आहे. राज्यातील कितीतरी घरांतील दिवे तेथील औष्णिक केंद्रावर लागतात. तरीही त्याच जिल्ह्यातील जिवती तालुक्यात, माणिकगडच्या डोंगररांगांत, चौदा गावे अशी आहेत की, ज्यांच्यावर महाराष्ट्र आणि तेलंगण या दोन्ही राज्यांनी अनेक वर्षे हक्क सांगितला. दोन्हीकडच्या मतदारयाद्यांत लोकांची नावे, दोन्हीकडच्या शाळा. आणि कसत असलेल्या जमिनीच्या मालकीचा प्रश्न मात्र लोंबकळत राहिलेला. म्हणजे सरकार दूर असो वा दुप्पट जवळ, माणसाच्या हाती हक्काचा कागद पडेपर्यंत ते त्याच्यासाठी दूरच असते.

जे पोहोचले, ते कसे पोहोचले?

याच अरण्यात काहीजण पोहोचले होते, हेही विसरता येत नाही. बाबा आमटे यांनी डिसेंबर १९७३ मध्ये भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहिले, माडिया भाषा शिकले. दवाखाना आणि शाळा उभी राहिली. तेव्हा रस्ते आजच्याहून कितीतरी वाईट होते.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचे कार्य याहून वेगळ्या प्रकारे उद्बोधक आहे. गावापर्यंत डॉक्टर पोहोचत नाही, तर गावातीलच स्त्रीला नवजात बाळाची शुश्रूषा शिकवावी, असा मार्ग त्यांनी गडचिरोलीत काढला. त्यामुळे नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांचे निष्कर्ष १९९९ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि पुढे ही पद्धत आशा कार्यकर्त्यांच्या द्वारे देशभर स्वीकारली गेली. अंतर तेवढेच होते. केवळ त्याकडे पाहण्याची रीत बदलली.

धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाने तिसरी वाट दाखवली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा होती. वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. पुढे जिल्ह्यातील शेकडो ग्रामसभांना असे हक्क मिळाले. सरकार गावात येण्याची वाट न पाहता, सरकारच गावात निर्माण करण्याचा हा प्रयोग होता. ज्या संघर्षासाठी जंगलात बंदूक आली असे सांगितले गेले, त्यातील एक मोठी मागणी एका आदिवासी गावाने बंदुकीशिवाय, सभा घेऊन आणि कायदा वाचून पूर्ण करून घेतली.

आता पुढे काय?

आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. सुरक्षेशिवाय हे सारे होऊ शकले असते, असा भाबडा दावा आम्ही करत नाही. वांगेतुरी आणि गर्देवाडा येथे आधी पोलीस ठाणी उभी राहिली, मग तेथे बस गेली. यंत्रे जाळणाऱ्या आणि ग्रामस्थांचे गळे चिरणाऱ्या संघटनेपुढे केवळ सदिच्छा पुरत नाहीत. ज्या तरुण जवानांनी प्राण दिले, त्यांच्या त्यागावरून आज तेथे वाहने धावत आहेत, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

परंतु पोलीस ठाणे हा शासनाच्या येण्याचा आरंभ आहे, शेवट नव्हे. आदिवासी माणसाने आजवर जे सरकार पाहिले, ते बहुधा तीनच रूपांत: जंगलात जाण्यास अडवणारा वनरक्षक, चौकशी करणारा पोलीस आणि मजुरी ठरवणाऱ्या ठेकेदाराची पाठराखण करणारा अधिकारी. गडचिरोलीतील नेमणूक ही शिक्षा समजली जात असे, हेही सर्वश्रुत आहे. जेथे शिक्षा म्हणून माणसे पाठवली जातात, तेथील लोकांना आपण कोण समजतो, याचा विचार राज्यकर्त्यांबरोबर आपण नागरिकांनीही करावयास हवा. कारण बदली रद्द व्हावी म्हणून ओळखी शोधणारे नातलग आपल्याच घरांत असतात.

म्हणून यापुढे गडचिरोलीची प्रगती मोजताना शरण आलेल्यांची संख्या आणि डांबरी रस्त्यांची लांबी एवढेच आकडे पुरणार नाहीत. पावसाळ्याच्या चार महिन्यांत आरोग्य केंद्रात डॉक्टर किती दिवस हजर होते? आश्रमशाळेतील शिक्षकाला मुलांची भाषा येते का? खाणीला जमीन देण्यापूर्वी ग्रामसभेला खरोखर विचारले गेले का? बस दुसऱ्या पावसाळ्यातही धावली का? हे प्रश्न कंटाळवाणे आहेत, त्यांची ठळक बातमी होत नाही. पण ज्या पोकळीत १९८० साली बंदूक शिरली, ती पोकळी याच कंटाळवाण्या गोष्टींच्या अभावाने निर्माण झाली होती.

डोंगर तेथेच राहतील, इंद्रावतीला पूर येत राहील. भूगोल बदलत नसतो. बदलू शकतो तो क्रम: रस्त्यावरून आधी कोण जाणार, हा. वांगेतुरीच्या बसमध्ये बसून एखादी आजारी म्हातारी दवाखान्यात गेली आणि तिला तेथे डॉक्टर भेटला, औषध मिळाले, आणि संध्याकाळच्या बसने ती घरी परतली, तर त्या दिवशी तेथे शासन पोहोचले असे म्हणता येईल. त्या म्हातारीचा तो साधा प्रवास घडतो की नाही, यावर लक्ष ठेवणे हे दूर किनाऱ्यावर राहणाऱ्या आपलेही कर्तव्य आहे, असे आम्हांला वाटते.